बाई, भिंतीला वास येत होता

बाई, काल तुमची तेरवी झाली. पाहुणे गेले, भांडी धुऊन पालथी घातली, अंगण झाडून झालं. आता मी तुमच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले आहे. आत जायला धीर होत नाही आणि दार ओढून घ्यायलाही होत नाही. परवा पियू यायची आहे. तिला नववा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिच्यासाठी हीच खोली ठरली होती. तुम्ही असतानाच ठरली होती, तुमची खाट तेवढे महिने समोरच्या खोलीत हलवायची होती. आज संध्याकाळपर्यंत मला पोरीला काहीतरी सांगायचं आहे आणि काय सांगावं ते सुचत नाही. अशा वेळी मी स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि तुम्ही इथूनच ओरडून उत्तर द्यायच्या. सवयीनं सकाळी एकदा हाक मारूनही झाली.

तुम्ही माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही नवरा गेल्यावर एक पेटी घेऊन परत आलेल्या होतात. माहेरच्या बायकांनी मला आधीच भीती घातली होती, घरात नणंद आहे, जपून राहा. मी जपून राहिले, तुम्हीही जपून राहिलात, आणि जपता जपता तीस वर्षं निघून गेली. भांडलो मात्र मनसोक्त. वरणात गूळ घालायचा की नाही यावरून भांडलो, पियूला सायकल घ्यायची की नाही यावरून भांडलो, मोहाडीच्या बाजारातून कोणी किती पालक आणायचा यावरूनसुद्धा भांडलो. आपली भांडणं संपायची नाहीत, नुसती थांबायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं सुरू व्हायची. शेवटचं भांडण या भिंतीवरून होतं. ते थांबलं ते थांबलंच. आणि आता कळतंय की त्यात तुमचं बरोबर होतं. तुम्ही असताना मी हे कबूल केलं असतं का? नसतं केलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

शेजारपाजारी कोणी विचारलं, भावजय कशी आहे, तर तुम्ही सांगायच्या, "हातात झाडू घेऊनच जन्माले आली थे." मला त्याचा राग यायचा आणि आतून बरंही वाटायचं. घर चकाचक ठेवणं एवढंच मला येतं. शेतीतलं मला कळत नाही, दहावीपुढं शिकले नाही, पण माझ्या घरात कोणी बोट फिरवून धूळ दाखवावी, असं कधी झालं नाही. पियूचं लग्न ठरलं तेव्हा विहीणबाई म्हणाल्या होत्या, आमचं चिखला गावातलं घर रस्त्यावर, दिवसभर ट्रकांची धूळ. मी लगेच म्हटलं, बाळंतपणाला आमच्याकडे पाठवा, आमच्या घरी कण सापडणार नाही. हे बोलताना तुम्ही शेजारीच बसला होतात आणि सुपारी कातरत होतात.

तुमचं सगळं कसब मात्र नाकात आणि हातात होतं. राइस मिलच्या ओट्यावर तुम्ही वीस वर्षं धान वाळवला. एकदा मी डबा घेऊन तिथं गेले होते तेव्हा पाहिलं. शेतकऱ्याचं पोतं उतरलं, वरचा धान कडकडीत, मिलचा माणूस घ्यायला तयार. तुम्ही पुढं झालात, पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, थोडा वेळ आत ठेवला, मग बाहेर काढून हाताचा वास घेतला. "वरून कोरडा हाये जी, मधात तापून राहिला," म्हणालात. पोतं उलटं केलं तर मधला धान पिवळा पडलेला, एकमेकाला चिकटलेला. शेठ तुमच्या हातावर विश्वास ठेवायचा. मी ठेवला नाही.

भिंतीची गोष्ट कुठून सुरू झाली ते आता मागे जाऊन जुळवते आहे. पियू दहावीत होती तेव्हा आपण या खोलीला लागून न्हाणीघर बांधलं. त्याचा नळ याच भिंतीतून नेला. दोन पावसाळ्यांनी रंगाला फोड आले. हात लावला की पापुद्रा निघायचा आणि खाली पांढरी भुकटी. दरवर्षी दिवाळीला मी खरवडून रंग मारायची, दरवर्षी आषाढात तो फुगायचा. मग लग्न आलं. वरपक्षाची माणसं घर पाहायला येणार म्हणून यांनी मोहाडीहून प्लास्टिकचे पॅनल आणले, लाकडासारखे दिसणारे, आणि जमिनीपासून खांद्यापर्यंत भिंत झाकून टाकली. मला तर हॉटेलात आल्यासारखं वाटलं. मी तुम्हाला हात धरून दाखवायला आणलं. तुम्ही तळहात उलटा करून पॅनलला लावलात आणि म्हणालात, "भिंतीले कपडे घातले, आंग पुसलंच नाही." पाहुण्यांसमोर हे बोलू नका, असं मी तुम्हाला बजावलं. तुम्ही बोलला नाहीत.

लग्नानंतर पियूची खोली रिकामी झाली तेव्हा तुम्हाला समोरच्या खोलीतून इथं मीच आणलं. वाटलं, म्हातारपणी स्वतःची खोली मिळाली तर सुख लागेल. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला तांदळाची पोती, म्हणून तुमची खाट पॅनलला टेकवून टाकली. मीच टाकली, बाई. खाटेचा एक पाय मी धरला होता आणि एक यांनी. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी तुम्हाला सांगायला नको, पण आज स्वतःला मात्र दहा वेळा सांगून झालं.

यंदा पाऊस लागला आणि तुम्ही सुरू केलंत. "सुनंदा, वास येते वो." मी फिनाईलनं फरशी पुसली. दोन दिवसांनी पुन्हा, "वास येते वो." मी पुन्हा पुसली. गोधड्या ओलसर लागायच्या, मी उन्हात टाकल्या. तुमच्या पेटीतल्या चपलांना पांढरी लव आली, मी पुसून कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. भिंतीवरचं कॅलेंडर खालून वळायला लागलं, मी त्याला टाचणी लावली. पापडाचा डबा तुमच्या खोलीतून स्वयंपाकघरात नेला, कारण पापड मऊ पडत होते. एवढं सगळं दिसत होतं आणि मी एकेका वस्तूची समजूत काढत फिरत होते. सगळ्या वस्तू एकाच खोलीतल्या आहेत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. किंवा आलं असेल आणि मी ते बाहेर ढकललं असेल. तुम्ही वास म्हणालात की मला ऐकू यायचं, तुझं घर घाण आहे. मला तेवढंच ऐकू यायचं.

तुम्ही बाहेर अंगणात जाऊन उभ्या राहायच्या, थोड्या वेळानं परत यायच्या आणि दारातच थांबून नाक वर करायच्या. मी यांना हसत म्हटलंसुद्धा, बाई आजकाल घर हुंगतात. आतमध्ये बसून राहिलं की नाकाला सवय होते, बाहेर जाऊन आलं की खरं कळतं, हे तुम्ही मिलमध्ये शिकला होतात. मी काल पहिल्यांदा ते करून पाहिलं.

आणि खिडकी. तिच्यावरून तर आपण जवळजवळ रोज बोललो. पियू झाली तेव्हा तुम्हीच माझी खोली बंद करून घेतली होतीत. खिडकीच्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्यात, शेगडी ठेवलीत, दारावर पडदा. "बाळंतिणीले वारा नाही लागला पाहिजे." सव्वा महिना मी त्या उकाड्यात काढला आणि पुढं तेच खरं मानलं. यंदा तुम्हाला खोकला लागला, तर मी तेच केलं. खिडकी लावली, फटीत चिंध्या कोंबल्या. तुम्ही म्हणालात, "उघड वो थे खिडकी, जीव घाबरून राहिला." मी म्हटलं, "वारा लागेल. तुम्हीच शिकवलं ना." तुम्ही हसलात. "तवा मले का माहीत होतं," एवढंच म्हणालात. मी स्वयंपाकघरात गेल्यावर तुम्ही उठून खिडकी उघडायच्या आणि मी आले की लावायची. मला वाटायचं, म्हातारी हट्टी झाली. तुम्हाला काय वाटायचं ते विचारलं नाही.

सगळ्यात मोठी खूण तर तुम्ही पोळ्याच्या आठवड्यात माझ्या हातात ठेवली होती. तुम्ही कोंढ्याला मावसबहिणीकडे आठ दिवस राहून आलात. पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाणी पिण्याआधी म्हणालात, "तती एक डावही खोकला नाही आला." मी कणीक मळत होते. मी वर न पाहता म्हटलं, "मग तिथंच राहायचं होतं."

हे वाक्य मला परत घेता येत नाही.  पिशवी आत ठेवून आलात आणि माझ्यासमोर बसून तांदूळ निवडायला लागलात. रात्री जेवताना नेहमीसारखं मीठ कमी आहे म्हणालात, म्हणून मला वाटलं तुम्ही विसरलात. दुसऱ्या दिवशी सकाळी खोकला परत आला. माणूस घराबाहेर गेला की बरा होतो आणि घरी आला की आजारी पडतो, तर दुखणं माणसात नाही, घरात आहे, इतकं सरळ होतं हे. मला ते टोमण्यासारखं लागलं. मी टोमण्याला टोमणा दिला.

मग भंडाऱ्याचा दवाखाना. श्वास लागायला लागला म्हणून यांनी गाडी केली. ती तरुण डॉक्टरीण चांगली होती. शांतपणे सगळं विचारत होती. बिडी, तंबाखू, चुलीचा धूर, मिलमधली धूळ. मी उत्तरं देत होते, कारण तुम्हाला बोलताना दम लागत होता. मग तिनं विचारलं, "घरात कुठं ओल आहे का? भिंतीला बुरशी, कुबट वास, असं काही?"

मी म्हटलं, "नाही जी मॅडम. आमच्या घरी रोज फिनाईलनं पुसते मी."

तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला सहन झालं असतं. मी तुमच्या अंगावरची चादर नीट करायला लागले. डॉक्टरीण लिहीत होती. तुम्ही तोंड उघडलं असतं तर मी खोटी पडले असते, आणि तुम्ही तोंड उघडलं नाहीत.  मी हे यांना सांगितलं नाही, पियूला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात. फुप्फुसं आधीच कमजोर होती, वय होतं, त्यात संसर्ग झाला, नक्की एकच कारण सांगता येत नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. सगळ्यांना त्यानं समाधान वाटलं. मला नाही वाटलं, आणि का नाही हेही कोणाला सांगता आलं नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना झोपायला जागा करायची म्हणून आम्ही तुमची खाट बाहेर काढली. खाटेचा पाय पॅनलच्या खालच्या पट्टीत अडकला. यांनी ओढलं आणि पट्टीसकट अख्खा पॅनल सुटून पुढं आला.

भिंत काळी होती, बाई. जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत काळी, मध्ये हिरवट, कडेला पांढरी लव. पॅनलच्या मागच्या अंगालाही तेच. आणि वास असा अंगावर आला की मी पदर नाकाला लावला. तुम्ही दोन महिने ज्याच्याबद्दल सांगत होतात तोच वास. सगळ्यात जास्त काळं तुमच्या उशीच्या बाजूला होतं, कारण नळ तिथूनच जातो.  मी खालीच बसले.

यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आता काही करू नको. पाहुणे येऊन राहिले." आणि त्यांनी पॅनल परत भिंतीला दाबला. तो उभा राहीना, म्हणून समोर तुमची पेटी सरकवली. आणि मी काय केलं? मी त्यावर धुतलेली चादर टाकली. म्हणजे पुन्हा झाकलं. सगळं कळल्यानंतरही झाकलं. पाहुण्यांना मी म्हटलं, या खोलीत कोणी झोपू नका, बाईंची खोली आहे. सगळ्यांना वाटलं माझी माया. तुमची मावसबहीण डोळे पुसत म्हणाली, "भावजय असावी तर अशी." मी मान खाली घालून तिला वाढत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते मला त्या पंगतीत कळलं.

आज पहाटेपासून मी घर तपासते आहे. कपाट ओढून मागे पाहिलं. मोरीखाली पाहिलं, देव्हाऱ्यामागे पाहिलं, तांदळाची पोती भिंतीपासून सरकवली. एका पोत्याच्या तळाला काळे ठिपके आहेत, ते पूर्वी होते का ते आठवत नाही. समोरच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात एक डाग आहे. तो जाळ्याचा आहे की ओलीचा? मी स्टुलावर चढून बोट लावलं, कोरडा लागला, खाली उतरले, पुन्हा चढले. आता मला सगळीकडेच वास येतो. उशीला येतो, पियूच्या बाळासाठी शिवलेल्या लंगोट्यांना येतो. त्या मी सकाळपासून दोनदा धुतल्या. खरंच येतो की माझ्या मनाचा आहे, हे सांगायला घरात कोणी नाही. हे म्हणतात, मले तं काही येत नाही. त्यांना कधीच कशाचा आला नाही.

दुपारी मारोती मिस्त्री येऊन गेला. न्हाणीघर त्यानंच बांधलं होतं. त्यानं हातोडीच्या दांड्यानं भिंत ठोकली, प्लास्टर जागोजागी पोकळ वाजलं. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा काटा फिरतो का ते पाहत बसला, मग मान हलवली. "जोडाला गळून राहिला काकू. थेंब थेंब. कई पासून ते देवाले माहीत."

"पुसून रंग मारला तर?" यांनी विचारलं. "परवा पोरगी येऊन राहिली."

"रंग मारून काय होते काका. पहिले पाणी बंद करा लागन. मग प्लास्टर फोडा, भिंत उघडी ठेवा, वाळू द्या."

"किती दिवस?"

"भिंत वाळते तवा वाळते जी." मग माझ्याकडे वळून जरा हळू म्हणाला, "अन् फोडतानी लय उडते हे काळं. लहान लेकरू, बाळंतीण, घरात नोका ठेवू."

तो गेल्यावर हे म्हणाले, "पियूले समोरच्या खोलीत ठेवू. या खोलीचं दार लावून टाकू. तू काहून एवढा जीव जाळून राहिली? बाई वयानं गेली." असं म्हणताना त्यांचा आवाज फाटला. तुमचा भाऊ तुमच्या मागे अजून एकदाही मोकळेपणानं रडला नाही, हे तुम्हाला कळवते. त्यांना भीती वाटते आहे. भिंत खरी मानली तर पुढचंही मानावं लागेल. मी त्यांच्याशी भांडले नाही. माझंही मन तेच सांगत होतं. दार लावू, फटीत चिंध्या कोंबू, पियूला काही कळणार नाही. आणि नाही आणलं तर लोक काय म्हणतील? पहिल्या बाळंतपणाला आईनं पोरगी आणली नाही. विहीणबाईंना काय सांगू? कण सापडणार नाही म्हणाले होते मी.

मग मनात आलं, सव्वा महिन्याचं बाळ बंद खोलीत निजलं आहे आणि ते खोकतं आहे. आणि कोणीतरी डॉक्टर मला विचारते आहे.

मी पियूला फोन लावला, बाई. दारातच बसून लावला, म्हणजे उठून जाता येऊ नये. तिनं उचलला आणि म्हणाली, "आई, बॅग भरून राहिली मी. जाड चादर आणू का?"

"बेटा, तू इकडे येऊ नको," मी म्हटलं.

"काहून? बाबाले बरं नाही का?"

मग मी सांगितलं. भिंत सांगितली, नळ सांगितला, पॅनल सांगितला. आत्याची खाट त्याच भिंतीला होती हे सांगितलं. आत्या पूर्ण पावसाळा वास येतो म्हणत होती आणि मी फरशी पुसत होते, हे सांगितलं. कोंढ्याहून आली तेव्हा मी काय बोलले तेही सांगितलं. इथपर्यंत कसंबसं आले. मग थांबले.  मग मी डॉक्टरणीचंसुद्धा सांगून टाकलं. "घरात ओल आहे का विचारलं होतं तिनं. मी नाही म्हटलं. आत्याच्या समोर खोटं बोलले मी. खरं सांगितलं असतं तर कदाचित औषध बदललं असतं. कदाचित वाचली असती."

 मला वाटलं आता पोरगी मला तोडून बोलणार, आणि बोलावंच तिनं. ती म्हणाली, "आई, आत्याची फाइल घरी हाये ना? पहिल्या दिवसाच्या कागदाचा फोटो पाठव मले. सगळा कागद दिसला पाहिजे."

ती फाइल मी पेटीवर ठेवली होती. उघडून वाचायचा प्रश्नच नव्हता, सगळं इंग्रजीत, तेही डॉक्टरी अक्षर. फोटो पाठवला. पहिल्यात खालची ओळ कापली गेली, म्हणून दोनदा काढावा लागला. थोड्या वेळानं तिचाच फोन आला.

"आई, इथं लिहिलेलं हाये."

"काय लिहिलेलं आहे?"

"घरातल्या भिंती ओल्या, बुरशीचा वास, दोन महिन्यांपासून. घराबाहेर गेल्यावर खोकला कमी होतो. असं पेशंट स्वतः सांगते म्हणून लिहिलं हाये. पहिल्याच दिवशी. डॉक्टरले माहीत होतं, आई. औषध थे पाहूनच दिलं असन त्यांनी. तुया खोट्यानं काही अडलं नाही."

 पियूच रडायला लागली आणि मीच तिला म्हटलं, रडू नको, या दिवसांत रडू नाही. तिनं नाक ओढलं आणि सांगितलं, मी इथंच राहतो, तू इकडे ये, सासूबाईले मी बोलतो. मग मीच विहीणबाईंशी बोलले. माझ्या घराच्या भिंतीत बुरशी आहे, पोरीला आणता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुमीच या ना जी. कायले संकोच करता." झालं, एवढंच. ज्या वाक्यासाठी मी दोन दिवस झुरत होते ते वाक्य चहाचा कप ठेवायच्या वेळात बोलून झालं. परवा मी चिखल्याला जाते आहे. मिस्त्री उद्या पॅनल काढायला येणार. हे आता न्हाणीघराचा नळ बंद करून अंगणात बादलीनं पाणी भरत आहेत.

पण बाई, एक गोष्ट मला कळत नव्हती. डॉक्टरणीनं विचारलं तेव्हापासून मी तुमच्याजवळच होते. मग तुम्ही हे सगळं तिला कधी सांगितलंत? मी त्या दिवसाचा क्षण न् क्षण आठवून पाहिला. सुई लावली तेव्हा मी होते. छातीचा फोटो काढला तेव्हा दाराबाहेर होते, पण तिथं डॉक्टरीण नव्हती. मग आठवलं. ती दुसऱ्या खाटेवरच्या बाईला तपासत होती आणि तुम्ही मला म्हणालात, "सुनंदा, चहा आण वो माह्यासाठी." मला इतका आनंद झाला होता. श्वास लागल्यापासून तुम्ही पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी पायऱ्या उतरून धावत गेले, टपरीवर गर्दी होती, तरी पुढं घुसून घेतला आणि बशी झाकून आणला. तुम्ही म्हणालात, ठेव तिथं, थंड होऊ दे. तो संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. मी नर्सच्या मोरीत ओतून टाकला आणि वाया गेला म्हणून तुमच्यावर चिडलेसुद्धा.

तुम्ही चहा पीत नाही. मी या घरात आले त्या दिवसापासून एकदाही प्यालेल्या नाहीत.